अंकुराची वाढ, मुक्काम ट्रॉय

गणपतीच्या कार्यक्रमात यंदा मुलांच्या नाचानंतर आणि जेवणाच्या आधी, म्हणजे हॉलमध्ये कुणाचंच लक्ष नसतं अशा नेमक्या वेळी, आम्हाला पाच मिनिटं मिळाली होती. त्यात आम्ही तीन मिनिटांची एक फिल्म दाखवली. वाटाण्याचा दाणा मातीतून वर येतो, मान सरळ करतो, पानं उघडतो, काठी शोधतो आणि काठीला धरून वर चढतो. बस्स, एवढंच. पण बटाटेवड्याच्या रांगेत उभी असलेली मंडळीसुद्धा वळून बघायला लागली, आणि नंतर निदान दहाजणांनी आम्हाला गाठून विचारलं, "कॅमेरा कोणता हो?"

वाचकहो, कॅमेरा जुना आहे. बारा वर्षांपूर्वीचा कॅननचा रेबेल, तोसुद्धा कुणाकडून तरी वापरलेला घेतलेला. दहातल्या एकानेही "घड्याळ कोणतं?" असं विचारलं नाही. आमचे चार महिने गेले ते त्या घड्याळापायी. तेव्हा ज्यांना मुलांच्या सायन्स फेअरसाठी किंवा नुसत्या हौसेसाठी असलं काही करायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख. त्यात थोडी घरची हकीकत येईल, तिला इलाज नाही.

बाबा एप्रिलच्या अखेरीस नाशिकहून आले. (बाबा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे, हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे, म्हणून असं सांगावं लागतं.) आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच खेप. ट्रॉयमध्ये आलेल्या वडीलधाऱ्यांचा दिवस कसा जातो हे आपल्यापैकी कुणाला नव्याने सांगायला नको. सकाळी आठला घर रिकामं होतं. लाँग लेक रोडला फुटपाथ उत्तम आहे, पण त्यावर माणूस नाही. शनिवारी कूलिजवरच्या स्टेज नेचर सेंटरमध्ये फेरी, रविवारी भारतीय टेंपल, आणि मधले पाच दिवस खिडकी. बाबांच्या मनगटावर एचएमटीचं 'जनता' घड्याळ असतं. रोज सकाळी सातला ते किल्ली देतात. त्या घड्याळाकडे ते दिवसातून किती वेळा बघत होते ते आम्हाला दिसत होतं, आणि बोलायला सुचत नव्हतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात उसळीसाठी वाटाणे भिजत घातले होते. बाबांनी त्यातले चार उचलून एका कुंडीत खोचले आणि धाकट्याला सांगितलं, "दादासाहेब फाळक्यांचा पहिला सिनेमा हाच. राजा हरिश्चंद्र नंतरचा."

ही गोष्ट पुष्कळांना माहीत असेल, तरी सांगतो. धुंडिराज गोविंद फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसनचा कॅमेरा व बाकीचं सामान ठरवून एप्रिलमध्ये मुंबईला परत आले. मे महिन्यात सामान येऊन पोचलं. दादरच्या मथुरा भवनात बिऱ्हाड, तिथेच स्टुडिओ आणि तिथेच डार्करूम. कच्च्या फिल्मला कडेची भोकंसुद्धा घरीच पाडावी लागत, आणि ते काम सरस्वतीबाई अंधारात बसून करत. सगळं होतं, भांडवल नव्हतं. आणि हलतं चित्र या देशात, या हातांनी काढता येतं यावर कुणाचा विश्वास नव्हता. मग फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला, आणि थोडी थोडी चित्रं घेत वेल होईपर्यंत तो हलवला नाही. 'अंकुराची वाढ' असं त्या छोट्या चित्रपटाचं नाव. निवडक मंडळींना त्यांनी तो दाखवला. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी तो पाहून कर्ज देऊ केलं, आणि ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. म्हणजे आपला सगळा चित्रपटधंदा एका वाटाण्याच्या तारणावर उभा राहिला म्हणायला हरकत नाही.

आमची थोरली नववीत आहे आणि तिला हिशेब तपासायची वाईट खोड आहे. "आजोबा, रोज किती फोटो काढले त्यांनी?" बाबा म्हणाले, "रोज एक. महिनाभर. आणि सिनेमा झाला मिनिटभराचा." पुस्तकांतूनही असंच लिहिलेलं असतं. पोरीने कागद घेतला. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रं. एका मिनिटाला ९६०. रोज एक चित्र घेतलं तर महिन्याची तीस, आणि तीस चित्रं दोन सेकंदांत संपतात! मिनिटभराचा चित्रपट महिन्यात करायचा तर रोज बत्तीस चित्रं हवीत. बारा तासांचा उजेड धरला तर दर साडेबावीस मिनिटांनी एक.

बाबा जरा गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे कुणीतरी दिवसभर त्या कुंडीपाशी बसून होतं."

आम्हालाही हिशेब पटतो. त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना नेहमीचं हँडल एकदा फिरवलं की आठ चित्रं पुढे सरकत. त्याशिवाय करामतीच्या चित्रांसाठी एक वेगळी जागा असे, तिथे हँडल लावलं की एका फेरीला एकच चित्र. एकेक चित्राचं हे तंत्र फाळक्यांना पुढेही उपयोगी पडलं. १९१५ च्या 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी काड्या नाचवल्या त्या याच रीतीने. पण काड्या थांबून राहतात, वाटाणा थांबत नाही. तिथे हँडल आणि घड्याळ यांची सांगड लागते, आणि १९१२ साली ती सांगड म्हणजे माणूस. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथने १९१० मध्ये 'द बर्थ ऑफ अ फ्लॉवर' हा फुलं उमलण्याचा चित्रपट केला, तोही राहत्या घरात. यंत्रात काही अडलं तर रात्री जाग यावी म्हणून त्याने घरभर घंटा बसवून घेतल्या होत्या. घरच्यांनी काय म्हटलं असेल याची कल्पना आता आम्हाला आहे.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडी जेवणघराच्या खिडकीत गेली, तिपाईवर रेबेल चढला, आणि बाबा खुर्ची घेऊन बसले. सकाळी सात ते रात्री नऊ, दर अर्ध्या तासाला एक खटका. दुपारी जेवण आणि डुलकी यांचे दोन तास वजा. वहीत वेळ लिहायची, पुढे खूण करायची. अकरा दिवस हे चाललं. रोजची चोवीस धरून २६४ चित्रं झाली, आणि सेकंदाला चोवीसच्या हिशेबाने बरोब्बर अकरा सेकंदांची फिल्म.

ती फिल्म वाईट होती. बोटाने खटका दाबला की कॅमेरा केसभर हलायचा, त्यामुळे कुंडी सारखी थरथरत होती. ढग आला की अंधार, गेला की लख्ख. आणि दुपारच्या डुलकीनंतर झाड एकदम टुणकन उडी मारायचं. मुलं हसून हसून पडली. बाबाही हसले. पण त्या अकरा दिवसांत संध्याकाळी आम्ही घरी आलो की दारातच आम्हाला बातमी मिळायची, "तिसरा आज बाहेर आला, साडेदहाच्या सुमाराला." हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. आमच्या डोक्यात आलं ते असं, की या वयात बाबांना दर अर्ध्या तासाला उठबस कशाला? टायमर आणूया.

आता टायमरचं शास्त्र. ज्यांना घरच्या हकीकतीत रस नसेल त्यांनी इथून वाचावं.

पहिला पर्याय खिशातच असतो, फोन. त्यातला टाइमलॅप्स मजेदार आहे, पण तिथे दोन चित्रांमधलं अंतर तुम्ही ठरवत नाही. आयफोन ते स्वतःच ठरवतो आणि चित्रण लांबलं की वाढवत नेतो, म्हणजे तासभर चालवा की दिवसभर, हातात येते ती साधारण वीस ते चाळीस सेकंदांची फिल्म. दारातली रांगोळी, गणपतीची आरास किंवा मोदकांची पंगत यासाठी हे झकास. महिनाभराच्या वेलाला उपयोग नाही. शिवाय महिनाभर फोन कोण देणार?

दुसरा पर्याय म्हणजे कॅमेऱ्यातच असलेला टायमर. निकॉनच्या मधल्या आणि वरच्या कॅमेऱ्यांत तो बऱ्याच वर्षांपासून आहे, कॅननच्या जुन्या रेबेलमध्ये नाही. असेल तर दोन गोष्टी आधी बघाव्यात. एक, तो किती चित्रांपर्यंत मोजतो. काही जुन्या कॅमेऱ्यांत ९९९ ला गणती संपते. दुसरी, जास्त महत्त्वाची: वीज गेली आणि कॅमेरा बंद पडला की आतला टायमरही बहुतेक वेळा आपलं काम विसरतो. परत वीज आल्यावर तो आपणहून सुरू होत नाही. मिशिगनमध्ये राहणाऱ्याने हा विचार आधी करावा, भिंगाचा नंतर.

तिसरा पर्याय म्हणजे वायरचा टायमर-रिमोट. हाताच्या पंजाएवढी डबी, छोटा पडदा, आत दोन ट्रिपल-ए बॅटऱ्या. वीस-तीस डॉलरांत मिळतो. घेताना फक्त पिन बघायची. रेबेलसारख्या लहान कॅननला अडीच मिलिमीटरची गोल पिन लागते, मोठ्या कॅननला तीन काट्यांची, निकॉनचं आणखी वेगळं. पडद्यावर चार गोष्टी भरायच्या असतात: पहिल्या चित्राआधी किती थांबायचं, खटका किती वेळ दाबून धरायचा, दोन चित्रांत किती अंतर, आणि एकूण किती चित्रं. अंतर ९९ तास ५९ मिनिटांपर्यंत देता येतं. याचा मोठा गुण असा, की हा स्वतःच्या बॅटरीवर चालतो. घरातली वीज जावो की येवो, तो आपला ठरल्या वेळी खटका देतच राहतो. कॅमेरा त्या क्षणी बंद असेल तर तो खटका वाया जाईल, पण कॅमेरा जागा झाला की पुढचा लागू पडेल.

चौथा पर्याय म्हणजे अर्डुइनो किंवा रास्पबेरी पाय घेऊन स्वतः बांधणं. आपल्यातले निम्मे लोक इंजिनिअर असल्यामुळे हा मोह सगळ्यांना होतो. आम्हालाही झाला. एक शनिवार-रविवार त्यात गेला आणि तारा अजून गराजमध्ये आहेत. असो.

आम्ही तिसरा घेतला. आता अंतर किती ठेवायचं? आकाशातल्या ढगांना तीन ते पाच सेकंद, ड्राइव्हवेवर साचणाऱ्या बर्फाला मिनिटभर, उमलणाऱ्या फुलाला दोन ते पाच मिनिटं, आणि दारच्या मेपलचा पानरंग टिपायचा तर रोज ठरल्या वेळी एकच चित्र पुरतं. वाटाण्याच्या वाढीला पंधरा मिनिटं पुष्कळ असं आम्हाला वाटलं होतं. चूक. वाटाण्याच्या वेलाला जे बारीक तणावे फुटतात ते आधाराच्या शोधात हवेत गोल फिरत असतात, आणि एक फेरी साधारण दीड-दोन तासांत होते. पंधरा मिनिटांनी चित्र घेतलं तर एका फेरीची सहा-आठ चित्रंच मिळतात आणि तणावा फिरण्याऐवजी फटके मारल्यासारखा दिसतो. तासाने घेतलं तर तो उलटासुद्धा फिरताना दिसेल, सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरतं तसा. दर तीन मिनिटांनी घेतलं तर एका फेरीची तीस-चाळीस चित्रं येतात आणि तणावा चाचपडणाऱ्या बोटासारखा शांतपणे फिरतो.

म्हणून नियम असा, की आपल्या विषयात सगळ्यात भरभर हलतं ते काय ते बघावं आणि अंतर त्यावर ठरवावं. जास्त निघालेली चित्रं नंतर एकाआड एक गाळता येतात. न काढलेली आणता येत नाहीत. आमचा हिशेब असा झाला: रोज सोळा तास उजेड, तीन मिनिटांना एक, म्हणजे रोज ३२०. अठ्ठावीस दिवसांची ८,९६०. चित्रामागे तीन मेगाबाइट धरले तर २७ गिगाबाइट, म्हणजे ६४ चं कार्ड निवांत पुरतं. कॅमेऱ्याचा पडदा साधारण लाखभर खटक्यांसाठी बनवलेला असतो, त्यातले नऊ हजार गेले तर जाऊ द्यावेत.

खिडकीचा नाद सोडून कुंडी बेसमेंटमध्ये नेली, वर एलईडीचा दिवा लावला. अमेरिकेत वीज सेकंदाला साठ आवर्तनांची, त्यामुळे दिवे सेकंदाला एकशेवीस वेळा लुकलुकतात. खटका एक-तीसांश सेकंदाचा ठेवला की ही लुकलुक चित्रात उतरत नाही. फोकस, उजेड, रंग सगळं हाताने ठरवून पक्कं केलं. कॅमेऱ्याला बॅटरीऐवजी भिंतीतली वीज देणारा अडॅप्टर लावला. रात्रीची काळी चित्रं नकोत म्हणून सकाळी सहा ते रात्री दहा एवढाच वेळ कॅमेऱ्याला वीज देणारा डिजिटल टायमर भिंतीत खोचला. दिव्यालाही तसाच हवा होता. घरात दिवाळीच्या माळांचा एक होता, गोल चकतीचा, कडेला खुंट्या असलेला. तोच लावला. चार डॉलर वाचवले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुसरा प्रयोग सुरू केला. पहिल्याच रात्री तो थांबला! आम्ही रिमोटवर चित्रांच्या संख्येत सगळ्यात मोठा आकडा भरला होता, ३९९. दर तीन मिनिटांनी ३९९ खटके म्हणजे वीस तास, त्यात कॅमेरा झोपेत असतानाचेही धरून. त्याच्याही पुढे गेलं की पडद्यावर दोन आडव्या रेघा येतात, म्हणजे 'मी सांगेपर्यंत'. हे पत्रकात फार बारीक अक्षरात होतं. रेघा लावल्या आणि यंत्र सुरळीत चालू लागलं. तणावे फिरू लागले, काठी जवळ आली. घरात सगळं शांत. बाबांची खुर्ची परत दिवाणखान्याच्या खिडकीत गेली. संध्याकाळी दारात बातमी नाही. "कसं काय बाबा, वाटाणा?" म्हटलं की, "चाललंय की. मशीन आहे ना."

सतराव्या दिवशी वादळ आलं आणि नऊ तास वीज नव्हती. आली तेव्हा आम्ही खाली जाऊन बघितलं. दिवा लागलेला, कॅमेरा चालू, रिमोट टिकटिकतोय. खूश होऊन वर आलो. तीन दिवसांनी कार्ड काढून पाहिलं तर दर दिवशीच्या चित्रांतली निम्मी काळीकुट्ट. सकाळी एक तास वेल दिसतो, मग आठ तास अंधार, मग पुन्हा वेल. आणि त्या अंधारातच कधीतरी त्याने काठी पकडली होती. ज्या एका क्षणासाठी सगळा खटाटोप, तो गेला.

कारण साधं होतं. डिजिटल टायमरच्या आत छोटी बॅटरी असते, वीज नसतानाही त्याची वेळ चालू राहते. गोल चकतीच्या टायमरमध्ये बॅटरी नाही, त्याची मोटर भिंतीतल्या विजेवरच फिरते. नऊ तास वीज नाही म्हणजे चकती नऊ तास जागच्या जागी. कॅमेरा सहाला उठत होता आणि दिवा दुपारी तीनला. एकाच कुंडीवर दोन घड्याळं, आणि ती एकमेकांशी बोलत नव्हती.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आम्ही हे सगळं जेवताना बाबांना समजावून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "हो, मी बघितलं होतं. वादळाच्या दुसऱ्याच दिवशी. पहाटे तीनला पाणी प्यायला उठलो तर बेसमेंटच्या दाराखालून उजेड."

"मग बोलला नाहीत?"

"म्हटलं, तुमचं मशीन. त्याचं काहीतरी असेल."

यावर टेबलावर कुणी काही बोललं नाही. थोरलीने ताटाकडे बघितलं. पस्तीस वर्षं सकाळी सातला घड्याळाला किल्ली देणाऱ्या माणसाला आम्ही त्याच्या एकमेव कामावरून कमी केलं होतं, तेही त्याच्या सोयीसाठी, तीस डॉलरांत. ऑक्टोबरच्या आठ तारखेचं परतीचं तिकीट फ्रीजवर चिकटवलेलं होतं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तिसऱ्यांदा वाटाणे भिजवले, तेव्हा जोडणी बाबांनी केली. आम्ही फक्त मागितलं ते आणून दिलं. त्यांनी पहिली गोष्ट केली ती गोल चकती काढून टाकणं. डिजिटल टायमर एकच, त्याच्यापुढे प्लगांची पट्टी, आणि पट्टीत दिवा व कॅमेरा दोन्ही. "एकाच घरात दोन पंचांगं नकोत," म्हणाले. आता वीज गेली तर दिवा आणि कॅमेरा एकदमच जातील आणि एकदमच येतील. टायमर चुकला तरी दोघांचं मिळून चुकेल, काळं चित्र निघणार नाही. वाटाण्याला सकाळ सहाला झाली काय आणि नऊला झाली काय, फरक पडत नाही. रिमोट मात्र स्वतःच्या बॅटरीवर, या सगळ्यापासून वेगळा.

ही युक्ती कुणी करणार असेल तर एक सूचना. आमचा जुना रेबेल वीज तोडून पुन्हा दिली की, बटण चालूवर असल्यामुळे, मुकाट्याने जागा होतो, आणि जुन्या भिंगाचा फोकस हाताने लावला असेल तर तो जिथल्या तिथे राहतो. नव्या आरसाविरहित कॅमेऱ्यांपैकी अनेकांचा फोकस विजेवर चालतो आणि बंद करून चालू केला की जागा सोडतो. तेव्हा नवा कॅमेरा घेण्याआधी जुना कुठे पडलाय का बघा. दुसरं, अडॅप्टर लावण्याआधी दहा चित्रं घेऊन ती मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहा. काही रिमोट दोन खटक्यांच्या सुरुवातींमधलं अंतर मोजतात, काही पहिला संपल्यापासून मोजतात. बाबांनी ते 'जनता' हातात धरून ताडलं.

मग रोज सकाळी सातला ते किल्ली द्यायचे आणि वही घेऊन खाली जायचे. रिमोटच्या पडद्यावरचा आकडा, कॅमेऱ्यावरचा आकडा, दिवा लागला की नाही, पाणी किती घातलं, वेल किती बोटं वर. दर आठवड्याला रिमोटच्या बॅटऱ्या बदलायच्या, तेही दोन खटक्यांच्या मधल्या तीन मिनिटांत, वेळ न चुकवता. हे त्यांनी चारदा केलं आणि चारही वेळा धाकट्याला शेजारी उभं करून मोठ्याने सेकंद मोजायला लावले. बारा ऑगस्टच्या वहीत लिहिलं आहे: "डावा तणावा काठीला लागला. दु. ३.४०." फिल्ममध्ये ते पावणेदोन मिनिटांच्या आसपास येतं. गणपतीच्या हॉलमध्ये नेमकं तिथेच कुणीतरी "अरे!" म्हणालं, ते बाबांना ऐकू गेलं.

परत जाताना त्यांनी काय न्यावं यावर बरीच चर्चा झाली. भिंतीतले टायमर इथेच ठेवले. ते १२० व्होल्टचे, तिकडे २३० आहे. व्होल्टेज बदलणारी पेटी लावली तरी गोल चकतीची मोटर साठ आवर्तनांवर वेळ धरते, पन्नासावर तिचा एक दिवस जवळजवळ एकोणतीस तासांचा होईल. रिमोटला असलं काही नाही, त्याला दोन ट्रिपल-ए मिळाल्या की झालं. म्हणून रिमोट, रेबेल, आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेली एक ओळ, "नाशिकला खटका १/२५."

परवा फोन आला होता. इथे ड्राइव्हवेवर सहा इंच बर्फ होता आणि तिकडे गॅलरीत वाल पेरला होता. वाल तणाव्याने चढत नाही, सबंध खोडच काठीभोवती फिरतं, तर अंतर तीन मिनिटांचं ठेवू की पाचचं, असं त्यांचं विचारणं होतं. थोरलीने कागद घेतला. मागून कुणाचा तरी आवाज आला, लाइट गेली म्हणून. बाबा म्हणाले, "जाऊ दे, घड्याळ चालू आहे," आणि उत्तराची वाट पाहत राहिले.